दशरथकाका आणि उपाशी मासे

मासे पाळणारी चार माणसं भेटली की खाद्याच्या भावावरून गप्पा सुरू होतात आणि किस्स्यांवर जातात. मी अंबाडीजवळच्या तळ्यावर सहा वर्षं सुपरवायझर होते. माझ्याकडचे सगळे किस्से फिरून दशरथकाकांवरच येतात. काका गावातलेच, साठीचे. रोहू-कटल्याला खाद्य घालायचं काम त्यांच्याकडे.

*

नोकरीचा पहिला आठवडा. खाद्यात सुक्या मासळीची पूड असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तो वास कपड्यांत मुरतो, हे पुस्तकात नव्हतं. संध्याकाळी भिवंडीच्या एसटीत बसले, तर कंडक्टर ओरडला, सुकटीची टोपली कोणाची, मागे ठेवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर फक्त लॅपटॉपची बॅग होती.

*

मी वजन करून खाद्य द्यायचे आणि काका वर चार मुठी जास्त टाकायचे. उरलेलं तळाशी जाऊन कुजायचं, पाणी बिघडायचं. एका सकाळी बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. पाण्यात ऑक्सिजनच नव्हता. एअरेटर लावून कसेबसे वाचवले, मग काकांना बरंच बोलले.

ते खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, तोंड वासून म्होरं आलं की मना न्हाय म्हनवत न्हाय."

*

उन्हाळ्यात तळं उपसलं की खाली काळाकुट्ट गाळ निघायचा. माशांची विष्ठा आणि कुजलेलं खाद्य. त्याची विल्हेवाट कशी लावायची, या काळजीत मी होते. काकांनी तो बैलगाडीनं नेऊन वांग्यांना घातला. इतकी चवदार वांगी मी पुन्हा कुठे खाल्ली नाहीत.

अंबाडीच्या एक शिक्षिका दर आठवड्याला ती न्यायच्या. पक्क्या शाकाहारी. कोणीतरी त्यांना गाळाचं सांगितलं. त्या घाबरून विचारायला आल्या, की ही वांगी आम्हाला चालतील ना?

काका म्हणाले, "वांगं शाकाहारीच हाय, बाई. त्यानं काय खाल्लं ते आमी इचारत न्हाय."

बाई हसल्या आणि दोन किलो घेऊन गेल्या.

*

मग तळ्याचे मालक असलेल्या शेठनी जमीन गोडाऊनला दिली. शेवटची मासळी काढायची ठरली. काढण्याआधी एक दिवस मासे उपाशी ठेवतात, म्हणजे नेताना पाणी घाण होत नाही. हे दरवर्षीचंच, काकांनाही ठाऊक. पण त्या दिवशी ते आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले, तर ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. म्हणाले, दरसाल मागनं नवी पिल्लं सोडाची. औंदा कोन येनार हाय?

आठवड्यात डंपर लागले. तळं मातीनं बुजवलं.

*

त्याला आता दोन वर्षं झाली. मी भिवंडीत एका गोडाऊनच्या ऑफिसात बसते. तिथं खिडकी नाही, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते कळत नाही. ढगाळ दिवशी पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून तळ्यावर तेव्हा आम्ही खाद्य कमी घालायचो. परवा सकाळी काकांचा फोन आला.

"मॅडम, आभाल भरून आलंय. आज खाद्य जरा कमी टाका."

मी विचारलं, "किती टाकू, काका?"

त्यांनी विचार केला.

"आता निम्मं. बाकीचं ऊन पडल्यावं."

"बरं," मी म्हटलं.