अर्धी वीत रिकामी टाकी

लाट पाहिजे होती. धरणाच्या पाण्यात, बोटीच्या मागं, कमरेइतकी उंच, आणि तीही एकाच बाजूला. थोरल्या भावाचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या माझ्या गॅरेजात ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलून बसलो होतो. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. म्हणालो, "अण्णा, लाट काय बाजारात मिळती व्हय? मला कामं हायत." तो हसला नाही. म्हणाला, "तू ये. तुझ्याबिगर हे हुत न्हाई."

अण्णा तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. वीसेक वर्षं त्यानं एका धरणावर प्रवाशांची बोट चालवली. मग पाणी आटलं, बोटिंग बंद पडलं आणि हा माणूस नांदेडच्या मोंढ्यात पोती उचलायला लागला. त्या वयात. पाठ धरून बसायचा, पण घरी बोलायचा नाही. मग नांदेडजवळच्या एका बॅकवॉटरवर फार्महाऊस असलेल्या मालकानं गोव्याहून एक जुनी स्की बोट आणली आणि चालवायला अण्णाला ठेवलं, तात्पुरतं. मालकाचा मुलगा परदेशातून शिकून आलेला. त्याला दोरी धरून बोटीमागं घसरत जायचं नव्हतं. त्याला दोरी सोडून, नुसत्या फळीवर उभं राहून बोटीच्याच लाटेवर चालायचं होतं. वेकसर्फिंग म्हणे. मालकानं अण्णाला सरळ सांगितलं, दिवाळीत पाहुणे येणार आहेत. लाट उठली तर बोट राहील आणि तू कायमचा ड्रायव्हर. नाही उठली तर बोट विकून टाकतो, तुझा तू मोकळा.

मोकळा म्हणजे परत मोंढा. म्हणून मी गेलो.

बोट बघितली आणि कपाळाला हात लावला. कडा बुटक्या, इंजिन मधोमध पेटीत, तळ सपाट. ती बनवलीच होती पाण्यावरून सरळ जायला, मागं लाट कमीत कमी उठावी म्हणून. आणि आम्हाला नेमकं उलटं पाहिजे होतं. मागचा डावा कोपरा जड करायचा, म्हणजे बोट तिकडं दबते, पाणी ढकलते आणि त्या बाजूला लाट उभी राहते. यासाठी पाण्याच्या खास पिशव्या मिळतात, पण त्या बाहेरून मागवायच्या, दिवाळीच्या आत येणार नव्हत्या. मी म्हणालो, वाळूची पोती टाकू. मुलगा म्हणाला, "नको काका. बोटीत पाणी शिरलं तर वाळू तिला तळाला नेईल. पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही." बरोबरच होतं त्याचं. पण मला कुणी माझ्या कामात शहाणपण शिकवलं की माझं टाळकं सरकतं. गॅरेजातही कुणी 'हे चुकलं' म्हणालं की मी पाना फेकतो आणि हॉटेलात जाऊन बसतो, अर्धा अर्धा दिवस. माझी बायको, गिऱ्हाईकं, सगळे हे धरूनच चालतात. बोटीचं काम चाललं त्या चार दिवसांत तर मी कुणालाच जवळ येऊ दिलं नाही.

लातूरहून मी टेम्पोत दोन टाक्या आणल्या. बाथरूमच्या माळ्यावर टाकतात त्या, बसक्या, आडव्या, तीनशे लिटरच्या. मागची सीट काढली. एक टाकी इंजिनमागं आडवी बसवली, दुसरी डाव्या कडेला लांबीत. बोटीच्या तळाची लाकडी फळी दोन-तीन ठिकाणी कुजून मऊ पडली होती. त्यातल्या त्यात टणक जागा बघून हुक मारले आणि ट्रकवाले माल आवळतात त्या पट्ट्यांनी टाक्या आवळल्या. पाणी उपसायचा छोटा पंप बोटीत होताच, तोच उलटा वापरून धरणातलं पाणी टाकीत घ्यायचं. मुलगा म्हणाला, "काका, एक लक्षात ठेवा. टाक्या गच्च भरायच्या, अगदी झाकणापर्यंत. आत हवा राहिली तर पाणी इकडून तिकडं पळेल आणि वळताना बोट झुकेल." मी म्हणालो, हाव, हाव.

चाचणीच्या दिवशी टाक्या मुलानं स्वतः भरल्या. लाट उठली. खरंच उठली, डाव्या बाजूला, हिरवी, गुळगुळीत. मुलगा दोरी सोडून तिच्यावर उभा राहिला आणि अण्णानं स्टिअरिंगवरून मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्याचं ते तोंड मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघितलं असेल. घरी फोन करून वैनीला म्हणाला, "झालं गं. सुटलो."

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी टाक्या मी भरल्या.

आता हे लातूरच्या माणसालाच कळेल. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, एखाद्या वर्षी त्याच्याही पुढं. टाकी भरायला लागली की घरातलं एक माणूस झाकणाशी उभं. अर्धी वीत राहिली की नळी काढायची आणि पुढच्या भांड्यात घालायची. टाकी सांडली, पाणी गटारीला गेलं, तर आई चार घरं ऐकतील असं बोलायची, आणि त्या चार घरांनाही ते पटायचं. माझ्या हाताला हे सांगावं लागत नाही. पाणी तिथवर आलं की हात आपोआप नळी काढतो. त्या सकाळी मी बोटीत उभा होतो, चहूकडं धरण तुडुंब भरलेलं, सांडलं असतं तर धरणाचंच पाणी धरणात पडलं असतं. आणि तरी मी अर्धी वीत ठेवून पंप बंद केला. दोन्ही टाक्यांना. मुलाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मनात म्हणालो, एवढ्यानं काय होतंय, आला मोठा मला टाकी भरायला शिकवणारा.

दहाच्या सुमाराला बोट निघाली. अण्णा स्टिअरिंगवर, बोटीत पाहुणे पाच, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. मी काठावर मालकाशेजारी उभा. लाट छान उठली. मुलगा तिच्यावर उभा राहिला तसे पाचही जण त्याला बघायला, मोबाईल धरायला डाव्या कडेला सरकले. मग मुलगा पडला. पडलेल्या माणसाकडं जायचं म्हणून अण्णानं वेग कमी केला आणि बोट डावीकडं वळवली. वळताना टाक्यांमधलं पाणी डाव्या अंगाला धावलं. मागून बोटीचीच लाट येऊन बसली. डावी कड पाण्याखाली गेली ती वर आलीच नाही; बोट पाण्यानं भरून आडवी तरंगत राहिली.

पाहुणे पाण्यात पडले, ओरडत, पण तरंगत. आत घुसलेल्या पाण्याच्या लोंढ्यानं कुजक्या फळीतनं हुक निघाला आणि कडेची टाकी सरकत जाऊन इंजिनच्या पेटीवर आदळली. मधे स्टिअरिंगवरून घसरलेल्या अण्णाचा पाय होता. मासे धरणारे दोघं होडी घेऊन गेले, त्यांनी टाकीचे पट्टे कापून अण्णाला काढलं. काठावर आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि विचारत होता, "पोरगं सापडलं का? पाव्हणे समदे हायत का?"

नांदेडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यावरून काढला. कागदावर सही वैनीनं केली. मी शेजारी उभा होतो.

पाचव्या दिवशी मालक आणि मुलगा भेटायला आले. मुलगा खाली मान घालून बसला होता. मग त्यानं माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "काका, टाक्या पूर्ण भरल्या होत्या ना?" माझं तोंड उघडायच्या आत अण्णा खाटेवरून म्हणाला, "भरल्या हुत्या. वळण म्या घाईत घेतलं. चूक माझी हाय, मालक." मालक उठला. म्हणाला, "काळजी घ्या." कामाबद्दल बोलला नाही, आणि पाय गेलेल्या माणसाला बोटीवर कोण ठेवणार? बोट त्यांनी ओढून काढली आणि भंगारात दिली असं नंतर कळलं.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. भ्यालो. घरी येऊन बायकोवर, कामावरच्या माणसांवर खेकसत राहिलो, आणि दर रविवारी अहमदपूरला अण्णाच्या घरी जाऊन फळं ठेवून पंधरा मिनिटांत उठत राहिलो. सात-आठ महिने असं केलं.

एका रविवारी वैनी देवळात गेलेली. अण्णा ओसरीवर खुर्चीत, कुबड्या भिंतीला लावलेल्या. मी उठलो आणि परत बसलो. म्हणालो, "अण्णा, टाक्या भरलेल्या नव्हत्या. अर्धी वीत ठेवलती म्या."

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"निघायच्या आधी म्या झाकण उघडून बघितलतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, "मग बोलला का न्हाईस? पंप तिथंच हुता. दोन मिंटाचं काम हुतं."

अण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. लुंगी सारखी करत म्हणाला, "चार दिस तू कुणाला बोलू देत नव्हतास. मालक हुता, पाव्हणे आलते. त्यांच्यासमोर चुकलं म्हणलो असतो तर पाना फेकून गेला असतास तू. म्हणलं, जाऊ दे, आजचा दिस निघंल. हळू वळवीन. आणि पोरगं पडलं तवा हळू वळवायचं ध्यानातच राहिलं न्हाई."

मला ती सकाळ आठवली. तो टाकीपाशी वाकला होता, हात झाकणावर होता. मी काठावरून ओरडून विचारलं होतं, "काय राहिलंय का आता?" आणि माझ्याच भावानं, एक्कावन्न वर्षांच्या माणसानं, झाकण लावत म्हटलं होतं, "न्हाई, न्हाई. काई न्हाई."