याकूबभाऊंची मोठी न्याहारी

"बोलू नका बाई, पयले खा. हे थांबत नाई."

याकूबभाऊ माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. चंद्रपूरकडच्या सावली गावातल्या शाळेत मी शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या होत्या. सामान अजून पोत्यांतच होतं. रविवारची सकाळ टळत आली होती आणि मी स्टोव्हला पिन मारत बसले होते. दारात एक उंच, वाळका म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, हातात जर्मनची ताटली आणि ताटलीत वाटीच्या आकाराचा, टम्म फुगलेला, तांबूस असा काहीतरी पदार्थ. वर साखरेचा खरपूस थर. असलं काही मी पाहिलं नव्हतं. हे काय म्हणून विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी मला ते वाक्य सुनावलं.

उभ्याउभ्याच, बोटं भाजत मी ते तोडलं. आत काहीच नव्हतं. नुसती पोकळी, आणि तिच्यातून दालचिनी, वेलची, जायफळ, सुंठ यांची वाफ थेट नाकात आली. बाहेरचं कवच कुरकुरीत, आतला भाग मऊ, ओलसर, अंड्यादुधाच्या चवीचा. मी खात असतानाच ताटलीतला उरलेला अर्धा भाग हळूहळू खाली बसला. याकूबभाऊंनी तिकडे बोट दाखवलं. "पाह्यलं? म्हनून म्हनलं. याले मानसाची वाट पाह्यता येत नाई. मानसानंच याची वाट पाहा लागते."

ते त्याला पापोवा म्हणत. मूळ इंग्रजी नाव पॉपओव्हर, हे मला फार नंतर कळलं. पण माझ्यासाठी तो पापोवाच राहिला.

त्यांची सारी नोकरी जंगलातल्या एका सरकारी विश्रामगृहात खानसामा म्हणून गेली होती. वडीलही तिथेच खानसामा. कोण्या गोऱ्या साहेबाच्या मडमेने वडिलांना शिकवलं, वडिलांनी मुलाला. पहाटे जंगलात गेलेले साहेबलोक ऊन तापल्यावर परत यायचे, तेव्हा चहाची वेळ गेलेली असायची आणि जेवणाची झालेली नसायची. त्या वेळेला जे टेबलावर मांडायचं त्याला त्यांच्या भाषेत 'मोठी न्याहारी'. "जंगलात भूक पयले उठते," ते सांगत, "साहेब मंग उठते. आमी तिच्याबी पयले उठो."

निवृत्तीनंतर ते सावलीला बायकोच्या माहेरच्या घरात येऊन राहिले. इथे भट्टी नव्हती. मग तुपाचा मोठा पत्र्याचा डबा आडवा करून त्यांनी अंगणात आपली भट्टी केली. आत लोखंडी जाळी, खाली निखारे, वरही निखारे. लहान लोखंडी वाट्यांत तूप घालून त्या आधी चांगल्या तापवायच्या, मग पातळ पीठ ओतायचं की ते चर्रकन ओरडलं पाहिजे. अंडी आणि दूध ते आधी उन्हात ठेवून कोमट करून घेत. "अंडं थंडं नको, दूध थंडं नको, आन् करनारा बी थंडा नको," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. भट्टीचं झाकण मधेच उघडायला गेलं की ते अंगावर येत. "भेतेत ना ते! भेले का बसले!"

हे सगळं चाले ते खैरुनबीसाठी. खैरुनबी म्हणजे त्यांची बायको. मी तिला भाभी म्हणत असे. अंगाने भरलेली, मोठ्याने हसणारी. दर रविवारी बाजेवर ऐसपैस बसून ती पापोवा चहात बुडवून खायची, हे पाहून याकूबभाऊ कपाळावर हात मारून घेत, आणि ती मला सांगे, "बाई, सारी जिंदगी यानं साहेबाईले चारलं. लगनाच्या वक्ती म्हने, तुले असं खाऊ घालीन, तसं खाऊ घालीन. पयला पापोवा भेटला तो पेन्शन लागल्यावर!" याकूबभाऊ मान खाली घालून वाट्या पुसत. "आता तुह्यासाठीच तं करून राह्यलो ना." न्याहारी झाली की ती पदराच्या गाठीतली प्लास्टिकची पन्नी सोडायची आणि खर्ऱ्याची चिमूट गालात धरायची. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला हा खर्रा आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यावं तसा पुढे करतात. कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तो ताजा घोटून आणून द्यायचं काम याकूबभाऊंचं.

एका रविवारी पहिल्याच घासाला तिने तोंड कसंनुसं केलं. "दालचिनी जास्त झाली का जी? जीभ पोळून राह्यली."

याकूबभाऊंनी चाखून पाहिलं. मीही खाल्लं. नेहमीसारखाच होता. तरी ते म्हणाले, "हात चुकला असंल." पुढच्या वेळी त्यांनी दालचिनी कमी केली. तरी पोळलं. मग सुंठ काढली. मग जायफळ काढलं. वाण्याने जुना माल दिला असेल म्हणून त्याच्याशी भांडून आले, जवळच्या मूल गावच्या बाजारातून नवा मसाला आणला, पाट्यावर बारीक वाटून कपड्यातून चाळून घेतला. महिन्यामागून महिना असाच जात राहिला. शेवटी नुसतं पीठ, दूध, अंडं आणि साखर उरली. तो फिका, पांढुरका पापोवाही खैरुनबीने तोंडातून काढून हातावर घेतला आणि ओशाळून म्हणाली, "आता बी पोळते."

त्या दिवशी याकूबभाऊ भट्टीजवळ डोकं धरून बसले होते. मला म्हणाले, "साहेबाची जीभ मी त्याचं तोंड पाहून ओयखो बाई. हा खारं खाईल, हा गोड खाईल. आन् घरच्या बाईची जीभ मले समजून नाई राह्यली."

तोवर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. भाभी पूर्वीसारखा मोठा घास घेत नव्हती. कडा मोडून बोटाने आत सरकवत होती. मी तिला दारातल्या उजेडात बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. एक बोट कसंबसं जाईल एवढंच उघडलं. गालाची आतली बाजू पांढरी, कडक झालेली, आणि मागे, दाढेजवळ, एक लालभडक चट्टा. मी एवढंच म्हटलं, "भाऊ, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."

गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि तिच्याशी काहीच न बोलता याकूबभाऊंना बाहेर नेलं. मी सोबत होते. त्यांनी एकच विचारलं, "खर्रा कधीपासून खातात?"

परत येताना ते रस्त्याच्या मधोमध थांबले. "बाई, मीच आनून देत होतो. ताजा. मीच सांगो त्या पोराले, नरम घोट रे, तिचे दात दुखते."

आधी चंद्रपूर झालं, मग नागपूरचा मोठा दवाखाना. तिथे तिच्या जबड्याचा एक भाग काढला. मग किरणांचे शेक दिले. दर वेळी परतताना खैरुनबी पहिल्यापेक्षा लहान होऊन एसटीतून उतरायची. आवाज गेला, हसणं गेलं. याकूबभाऊ ज्याने जे सांगितलं ते करत सुटले. दर्ग्यावरून पाणी आणलं. विश्रामगृहाच्या दिवसांतल्या ओळखीच्या एका गोंड म्हाताऱ्याकडे पायी जाऊन मुळ्या आणल्या. म्हाताऱ्याने मुळ्या दिल्या, पण यांचा हात धरून सांगितलं, "यानं दुखनं कमी होईन याकूब. ती बरी व्हाची आस नको ठेवू." तो हात झिडकारून आपण निघून आलो, हे त्यांनीच मला सांगितलं.

शेवटच्या खेपेला नागपूरहून आले तेव्हा दुखणं परत उलटलं होतं. डॉक्टरांनी आता चिरफाड नको म्हणून घरी पाठवलं होतं. लेक नसीम भद्रावतीहून आली होती. तिचा नवरा तिथल्या कारखान्यात कामाला. तिने आईला घरी आणलं, आणि याकूबभाऊ स्टँडवरून सरळ कोपऱ्यावरच्या ठेल्यावर गेले. मी शाळेतून येत होते. पाहते तर त्यांनी खर्रा घोटायची फळी उचलून रस्त्यावर आपटली होती. सुपारी, तंबाखू, चुन्याचे डबे सगळीकडे पसरले होते. म्हातारा ओरडत होता, "मारलं रे तू! जित्या बाईले मारलं तू!"

ठेलेवाल्याने हात उचलला नाही. तो घाबरून मागे सरकला होता. हळूच म्हणाला, "चाचा, मी कधी घरी आनून देल्लं का? तुमीच नेत होते ना."

लोक जमले होते. याकूबभाऊ तिथेच धुळीत बसले आणि सांडलेल्या सुपाऱ्या एकेक वेचून त्या पोराच्या डब्यात भरू लागले. मी हाताला धरून उठवलं तर उठेनात. सगळ्या वेचून होईपर्यंत उठले नाहीत.

त्यानंतर त्यांनी फक्त एकच ध्यास घेतला. तिच्या पोटात काही गेलं पाहिजे. ते रोज भट्टी लावू लागले. पापोव्याचा आतला मऊ भाग तेवढा काढून, दुधात भिजवून, मलमलच्या कपड्यातून गाळून चमच्याने तिच्या ओठांशी नेत. "एक चमचा, खैरून. एकच." ती त्यांच्यासाठी गिळायचा प्रयत्न करायची. अर्धं गालाला आरपार पडलेल्या जखमेतून बाहेर यायचं. ते पुसायचे, पुन्हा चमचा भरायचे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तरी ती ओठ विलग करायची. नसीम शेवटी चमचा हिसकावून घेऊन ओरडली, "अब्बा, बस करा! तिले दुखून राह्यलं!" ते चमच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "साऱ्या जंगलाले खाऊ घातलं मी."

मग नाकातून नळी घातली. भट्टीचा डबा थंड पडला.

एका रविवारी खैरुनबीने भिंतीवर थापा मारल्या. आम्ही धावलो. तिने अंगणाकडे बोट केलं, मग दोन्ही हातांची ओंजळ करून वर उचलली, फुगलेल्या पापोव्यासारखी. याकूबभाऊ म्हणाले, "कोनासाठी करू? तू तं खाऊन नाई राह्यली." तिने रागाने पुन्हा भिंत बडवली. मग बोटं चुरून दाखवली. मसाला. सगळा मसाला घालून.

त्यांनी केले. दालचिनी, सुंठ, जायफळ, सगळं घालून. तिने नसीमला, मला आणि शेजारच्या दोघींना आपल्या बाजेभोवती बसायला लावलं आणि हाताने खूण केली, खा. तिच्यासमोर तो घास कसा गिळायचा? आमच्यापैकी कुणी थांबलं की ती ताटलीकडे बोट नाचवायची. नसीम रडत रडत खात होती. तिच्या हातातला पापोवा बसत चालला तशी आईने चिडून तिच्या मनगटावर चापट मारली. वाफ खोलीभर पसरली होती. खैरुनबी एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती, चावताना, गिळताना. तिचे डोळे इतके टक लावलेले मी कधी पाहिले नव्हते. याकूबभाऊ चौकटीला धरून उभे होते. तिने त्यांच्याकडे ताटली सरकवली तेव्हा ते अंगणात निघून गेले.

धानाची कापणी सुरू झाली होती तेव्हा ती गेली. दुपारी, निजल्यासारखी.

मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येत होते. पाहुणे जेवत, याकूबभाऊ नाही. दुसऱ्या दिवशी नसीम माझ्याकडे आली. "बाई, अब्बानं पानी बी धड नाई घेतलं. तुमचं आयकतेत ते."

मी वरणभात केला आणि ताट वाढून घेऊन गेले. ते मागच्या खोलीत, तिच्या रिकाम्या बाजेजवळ जमिनीवर बसले होते. मी ताट पुढे ठेवलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "बाई, तिले नळी लागली तवापासून मले भूक लागली का लाज वाटे. मी रांधनीत उभ्यानं खाऊ. ताट नाई घेऊ, हातावर घेऊ. तिले भांड्याचा आवाज नाई गेला पाह्यजे म्हनून. मनात म्हनो, ही गेली का हे भूकबी जाईन."

त्यांनी ताट हाताने दूर सारलं.

"ती गेली. आन् सकायपासून भूक लागून राह्यली बाई. अशी कशी लागते? काऊन लागते?"

मी वरण भातावर घातलं, कालवलं आणि ताट त्यांच्या हाताशी सरकवलं. "जेवा, याकूबभाऊ."

त्यांनी बाजेकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवू लागले. मधेच हुंदका येई, हात थांबे, पुन्हा घास जाई. ताटातलं शीतन् शीत संपलं. मग मान खालीच ठेवून, कुणी ऐकेल अशा भीतीने, त्यांनी विचारलं, "अजून हाये का थोडा?"

मी उठले आणि घरून पातेलंच घेऊन आले.