साडेनऊची नोंद

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. डॉक्टरांची वेळ घ्यायचं एका दवाखान्याचं ॲप बनवायचं काम तिच्याकडे होतं. ॲपनं विचारायचं, दवाखान्याच्या सर्व्हरनं उत्तर द्यायचं, एवढंच. पण सर्व्हर बनवणारा ऑफिसातलाच एक दाढीवाला सात आठवडे "सोमवारी देतो" म्हणत होता. कुठला सोमवार, ते सांगत नव्हता.

शेवटी काम अडू नये म्हणून ताईनं ॲपच्याच पोटात एक नकली सर्व्हर बसवला. काहीही मागा, तो ठरलेलं उत्तर द्यायचा. तिनं मुद्दाम काही नकारही घातले होते: वेळ शिल्लक नाही, सर्व्हर बंद आहे. साहेबांनी ते काढायला लावले. ग्राहकाला, म्हणजे दवाखान्याच्या लोकांना, दाखवताना बरं दिसत नाही, म्हणाले. ताईनं काढले; आता काहीही मागितलं तरी 'नोंद झाली' एवढंच यायचं. त्यात दाढीवाल्यानं तारीख लिहायची पद्धत दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा तिला सगळ्यात शेवटी कळवलं. घरी तिची चिडचिड भांड्यांवर निघू लागली.

अक्षरं नीट वाचता येतात का, हे बघायला तिनं ॲप वडिलांच्या फोनवर टाकलं होतं. बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला, तोही त्याच दवाखान्यातून. डोळ्याच्या ऑपरेशननंतरची तपासणी राहिली होती, म्हणून ते गेले होते.

"साडेनऊची वेळ घेतली होती गं, तुझ्याच ॲपवर. इथे म्हणतात, नाव नाही. आता पावणेएक झाला." मग जणू चूक त्यांचीच असावी तसं हळूच म्हणाले, "नोंद झाली, असं हिरव्या अक्षरांत आलं होतं."

ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात धावली, रांगेत उभी राहिली. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. परतताना तिला दाढीवाल्याचा राग येत होता, साहेबांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ही नोंद खरी नसते, एवढं एक वाक्य वडिलांना सांगायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नकार परत घातले आणि प्रत्येक पानावर लाल पट्टी लावली: 'चाचणी. ही नोंद खरी नाही.' शुक्रवारी ग्राहक येणार होता, तेवढ्यापुरती पट्टी काढ, असं साहेबांनी सांगितलं.

"नाही काढणार," ताई म्हणाली. "खरा सर्व्हर द्या, मग काढते."

ग्राहकानं पहिला प्रश्न पट्टीबद्दलच विचारला. साहेबांची पंचाईत झाली, खरा सर्व्हर होईपर्यंत काम तीन आठवडे लांबलं, आणि बैठकीत त्याचं खापर ताईच्याच डोक्यावर फुटलं. दाढीवाला शेजारीच बसून मान डोलावत होता.