गॅरेजमधून केलेला फोन

नीला कशी होती, असं कुणी विचारलं असतं तर गुरुदत्तला दोन-चार वाक्यांपुढे जाता आलं नसतं. चहात साखर कमी घेते, पंखा सोसत नाही, गाडीत बसली की पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवते. एवढं सांगून तो गप्प बसला असता. पन्नास वर्षांच्या आसपास संसार झाला, त्यातला बराचसा अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या याच घरात, आणि बायकोची माहिती म्हणाल तर शेजाऱ्याला असावी तेवढी.

इतरांना मात्र ती पुष्कळ माहीत होती. नागपूरहून आली आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. गावात नवीन आलेली इंजिनिअर पोरं तिला हक्काने फोन करायची.

"काकू, कुकरची शिट्टीच होत नाहीये."

"झाकणाला रिंग लावलीस का?"

"रिंग? ती काढून धुवायला ठेवलीय."

"मग काय सिंकमधून शिट्टी येणार का, बावळटा!"

आणि ती खळखळून हसायची. ते हसू गुरुदत्त दुसऱ्या खोलीतून ऐकायचा. तो गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये जन्म घालवलेला माणूस. घरी आला की "हं" आणि "बरं" या दोन शब्दांवर त्याचं भागायचं. सुरुवातीला नीला दोघांच्या वाटचं बोलायची. पुढे कधीतरी ते थांबलं. कधी, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

मग हातात फोन आला. सकाळी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून ती तो उभा करायची आणि नागपूरच्या धाकट्या बहिणीशी, रत्नाशी, व्हिडिओवर बोलत बसायची. इथे पोहे भिजायचे, तिथे संध्याकाळच्या पोळ्या व्हायच्या. गुरुदत्त चहाला वर आला की पडद्यातून रत्ना ओरडायची, "भाऊजी, नमस्कार! आज तरी बोला काहीतरी!" तो हात हलवायचा आणि कप घेऊन बेसमेंटमध्ये जायचा. तिथे त्याचं हत्यारांचं टेबल होतं.

त्या टेबलाच्या वर, छतालगत, हीटिंगचा पत्र्याचा पाइप होता. थंडीत घर तापवणारी भट्टी सुरू होऊन थांबली की त्यातून स्वयंपाकघरातला शब्द न् शब्द खाली यायचा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी असाच आला.

"परत आलंय गं, रत्ना. या वेळी लिव्हरमध्ये. कालच रिपोर्ट फोनवर आला."

"भाऊजी काय म्हणाले?"

"त्यांना नाही सांगितलं. आणि मी आता केमो घेणार नाही. एकदा घेतली तेवढी पुरे."

गुरुदत्तच्या हातातला पाना तसाच राहिला. जेवताना त्याने विचारलं, "रिपोर्ट आला का?"

"आला. ठीक आहे. आमटीत मीठ बघा बरं."

त्याने मीठ बघितलं. बरोबर होतं.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. तिने हे आपल्याला सांगावं. आपल्याला, समोर बसून. तिने सांगितलं की मग तो तिला विनवणार होता, डॉक्टरांकडे नेणार होता, डब्लिनहून मुलीला, चैत्रालीला, बोलावून घेणार होता. पण पाइपातून ऐकलं हे कसं सांगायचं? रोज सकाळी तो खाली जाऊन चोरासारखा उभा राहायचा आणि वरती बायको बहिणीपाशी रडायची.

शेवटी एका सकाळी त्याने बेसमेंटमधल्या इंटरनेटच्या डब्याची वायर उपटून टाकली. मोबाइलचा डेटा दोघेही कायम बंद ठेवत. घरात वायफाय असताना तो जाळायचा कशाला, ही जुनी सवय, आणि चालू कुठून करायचा हे नीलाला ठाऊकही नव्हतं. थोड्या वेळाने ती जिन्यात आली.

"अहो, रत्नाचा फोन लागत नाहीये. बघता का जरा?"

"बघतो. बस ना."

ती पायरीवर बसली. एवढा आटापिटा केला तो याच घटकेसाठी, आणि आता तोंड उघडेना.

"काही बोलायचं होतं का तुला?"

"कुणाशी?"

"माझ्याशी."

"तुमच्याशी काय बोलायचं? तुम्ही तर इथेच असता." तिने गुडघे चोळले. "ती वाट बघत असेल हो. काळजी करेल."

तिचा चेहरा इतका उतरला होता की त्याला बघवेना. त्याने वायर परत लावली. वरून लगेच रत्नाचा आवाज आला आणि मागोमाग नीलाचं हुंदके दाबणं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जातो असं सांगून तो निघाला. गॅरेजमध्ये गाडीत बसला. किल्ली लावली नाही. फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही काम नसताना बायकोला व्हिडिओ कॉल केला.

"पोचलात पण?" साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून तिचा चेहरा दिसत होता.

"गॅरेजमध्येच आहे."

"गाडी चालू होत नाहीये का?"

"होईल. तुझ्याशी बोलावंसं वाटलं."

"मग आत या की!"

"आत आलो की तू बोलत नाहीस. मलाही येत नाही." त्याने दम खाल्ला. "नीला, बेसमेंटमध्ये सगळं ऐकू येतं. पाइपातून. मला माहीत आहे."

मग ती म्हणाली, "तुमचा कॅमेरा बंद करा. चेहरा दिसला की मला नाही जमणार." त्याने बंद केला.

"इतकी वर्षं मी याच स्वयंपाकघरात बोलत होते," ती म्हणाली. "तेव्हा नाही का आलं ऐकू?"

काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती.

"ट्रीटमेंट घे गं. माझ्यासाठी घे."

"तुमच्यासाठी म्हणजे? चहा करायला?" ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. मग ती बोलायला लागली. पहिल्या हिवाळ्यात तो कामावर गेला की ती वेळ सांगणाऱ्या नंबरला फोन लावत असे. टेपवरची बाई होती, पण बोलायची तरी. फोन ठेवल्यावर घर आणखी मोठं वाटायचं. हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं, तेही दोन भिंतींपलीकडून.

"मी आत येऊ?" त्याने विचारलं.

"या. चहा टाकते."

तो धावतच आत गेला. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात गार आहेत तुमचे," ती म्हणाली. त्यापुढे एक शब्द नाही. कपात चहा आला. समोरासमोर बसून दोघांनी तो संपवला.

मग हेच चालू झालं. तो गॅरेजमधून फोन करायचा, ती स्वयंपाकघरातून बोलायची. विनवण्या करून तो थकला, चैत्राली येऊन रडून गेली, नीलाने केमो घेतली नाही ती नाहीच. मार्चमध्ये तिला हॉस्पिसमध्ये, अखेरच्या दिवसांची सोय असते तिथे, हलवावं लागलं. तिथेही तो पलंगाशेजारी तासन् तास मुका बसायचा, आणि मग पार्किंगमध्ये जाऊन तिला फोन लावायचा. तिचा आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. आज काहीतरी विचारू, उद्या काहीतरी विचारू, असं त्याचं चाले. विचारायचं तर अजून सगळंच राहिलं होतं.

त्या दुपारी आंघोळ करून येण्यासाठी तो घरी निघाला. पार्किंगमध्ये पोचून त्याने फोन लावला. तो खूप वेळ वाजला आणि मग नर्सने उचलला. नीला गेली, असं तिने सांगितलं. त्याआधी तो खोलीच्या दारात असताना दोघांचं जे बोलणं झालं, ते एवढंच.

"अहो, फोन चार्ज आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग या. गाडीत बसलात की करा."

"करतो."