पाचवी ओळ वहिनींची

जवळचं दिसतंय की नाही, हे बघायला चष्म्याच्या दुकानात एक छापील तक्ता असतो. त्यावर बहुतेक ठिकाणी 'सूर्य पूर्वेला उगवतो' असली रटाळ वाक्यं असतात. एका गल्लीतल्या चष्मेवाल्यांच्या दुकानातल्या तक्त्यावर मात्र पाच ओळी होत्या. पहिली चांगली ठळक, आणि पुढची प्रत्येक आधीच्याहून बारीक:

एक होते दंतवैद्य, बोलायला गोड,
जिभेला त्यांच्या साखरेची खोड;
दाढ त्यांची किडली,
चिमट्याला भिडली,
ओरडले, "अरे बाबा, आधी मला सोड!"

गिऱ्हाईक पाचव्या ओळीला हसलं की चष्मेवाले तेच भिंग कायम करायचे. नुसतं वाचून दाखवणाऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ते म्हणायचे, "लोक अंदाजानं वाचतात हो, अंदाजानं हसता येत नाही कुणाला."

त्या ओळी त्यांच्या बायकोच्या. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची. आणि दंतवैद्य अगदी खरे होते, दुकानाच्या वरच्याच मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. आधी ते आठवडाभर फुगून बसले. मग त्यांच्याच पेशंटनी खुर्चीत बसून त्यांना ती पाच ओळींची लिमरिक म्हणून दाखवायला सुरुवात केली, आणि स्वारी मिशीतल्या मिशीत खूश झाली.

वहिनी तशा हिशेबनीस, एका कापडाच्या गोदामात. कविता वगैरे करण्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. "कविता मोठ्या लोकांची," त्या म्हणायच्या, "लिमरिक शेजाऱ्यापाजाऱ्यांची. आली असेल दुसऱ्या भाषेतून, पण तिथेही ती अशीच टपरीवर, कट्ट्यावर वाढली असणार. कुणी केली ते कुणाला ठाऊक नसतं. ऐकणारा एखादा शब्द बदलतो आणि पुढे ढकलतो." कुणी रीत विचारली तर बोटांवर मोजून सांगायच्या, "पहिल्या दोन ओळींत माणूस ऐटीत घराबाहेर पडतो. तिसरी-चौथी आखूड, तिथे त्याचा पाय घसरतो. पाचवीत तो आपल्याच दारात येऊन आपटतो. पहिली, दुसरी, पाचवी, तिघींचं यमक एक. आपटला नाही तर लिमरिक नाही."

नवऱ्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं:

एक होता चष्मेवाला, नजर त्याची बारीक,
तरी विसरे बायकोच्या जन्माची तारीख;
बायको बसली रुसून,
हा म्हणाला हसून,
"कॅलेंडरवाल्यांनीच छापलीय ती बारीक!"

ही त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवभर झाली. चष्मेवाले कानापर्यंत लाल झाले. तेव्हापासून मात्र ते तारीख विसरले नाहीत.

एका सकाळी चहा गाळता गाळता वहिनींच्या हातून गाळणी पडली. चष्मेवाले पेपर वाचत होते. "काय गं?" त्यांनी न बघताच विचारलं. वहिनी काहीतरी म्हणाल्या. पण ते शब्द नव्हते. चष्मेवाल्यांनी वर पाहिलं, तर वहिनींच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती.

अर्धांगाचा झटका होता. हॉस्पिटलमधून त्या परत आल्या त्या काठी घेऊन. चालणं हळूहळू सुधारलं. बोलणं मात्र गेलं. उरले दोन शब्द, 'हे' आणि 'नाही'. भूक लागली तरी 'नाही', झोप आली तरी 'नाही'. नको असलं तर तेवढं मानेनं सांगायच्या. समोरच्याचं सगळं कळायचं, तेच जास्त वाईट होतं. कुणी काही वेंधळेपणा केला की वहिनींचे डोळे चमकायचे, ओठ हलायला लागायचे, आणि मग त्या खिडकीकडे तोंड फिरवायच्या.

मुलगी आली, राहिली, आणि संसार तिकडे असल्यानं परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी बोलत राहा हो तिच्याशी."

चष्मेवाले जन्माचे अबोल. बोलायचं खातं बायकोकडे होतं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून एका दुपारी तिच्या नखांना नेलकटर लावता लावता त्यांनी दंतवैद्यांची लिमरिक म्हणायला घेतली. शेवटच्या ओळीला करंगळीचं नख आडवं आलं. "ओरडले, अरे बाबा, आधी मला..." एवढं म्हणून ते थांबले.

"सोड!" वहिनी म्हणाल्या.

स्पष्ट. जुन्या आवाजात. नेलकटर चष्मेवाल्यांच्या हातून पडलं.

वाचा-उपचाराच्या बाई घरी यायच्या, त्यांनी समजावून सांगितलं. "गाणी, पाढे, यमकं यांची मेंदूतली जागा कधी कधी शाबूत राहते. वळण पडलेलं असतं ना, जीभ आपोआप तिथे पोचते. पण काका, त्या बोलायला लागल्या असं समजू नका."

चष्मेवाल्यांनी अर्धंच ऐकलं. रोज ते एकेक लिमरिक म्हणायचे आणि शेवटचा शब्द मोकळा ठेवायचे. वहिनी तो पटकन टाकायच्या. त्यानं घरात थोडी जान आली. पण काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की बाई म्हणाल्या तेच खरं. शब्द येत होता, पण तो जुनाच होता. वहिनींनाही ते कळत होतं. 'सोड' म्हणताना त्या आता हसत नव्हत्या.

मग चष्मेवाल्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. दुकानात भिंगं घासता घासता स्वतःच जुळवाजुळव केली आणि दुकानामागच्या घरात येऊन, चपलाही न काढता, बायकोसमोर उभं राहून म्हणाले:

"एक होती बाई, तिची रुसली वाणी,
नवऱ्यानं विचारलं, हवंय का पाणी?
तिनं डोळे वटारले,
ह्याचे हात थरारले,
म्हणाला, काय चुकलं सांग ना..."

त्यांच्या मनात 'राणी' होतं. आयुष्यात त्यांनी तिला राणी म्हटलं नव्हतं, म्हणून लिमरिकच्या आडोशानं तिच्याच तोंडून म्हणवून घेणार होते. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. कपाळाला आठ्या पडल्या, हनुवटी थरथरली. 

"अ...डाणी," त्या म्हणाल्या.

आणि हसल्या. चष्मेवाले तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले, इतके की वरून दंतवैद्य विचारायला आले, "काका, सगळं ठीक ना?"

तसं पुन्हा घडलं नाही. चष्मेवाल्यांनी कितीतरी ओळी जुळवल्या. वहिनी ऐकायच्या, तोंड उघडायच्या, आणि "नाही" म्हणायच्या. थंडी सरता सरता दुसरा झटका आला. त्यानंतर त्यांनी डोळे उघडले नाहीत.

भेटायला आलेली माणसं त्यांच्या लिमरिकांची आठवण काढायची. एखादा पहिली ओळ म्हणायचा आणि मध्येच चपापून गप्प व्हायचा. त्या घरात हसावं की हसू नये, कुणालाच कळत नव्हतं.

महिन्याभरानं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई दुकानात आल्या. चष्मा दुरुस्तीला टाकला, तरी निघेनात. शेवटी म्हणाल्या, "गल्लीत सगळ्यांवर लिमरिक झाली. माझ्यावर तेवढी राहिली. वहिनी म्हणायच्या, तुझं यमक सापडत नाहीये, थांब जरा. तेव्हा म्हटलं, बरी सुटले. आता वाटतं, माझ्या एकटीचीच व्हायची राहून गेली."

"मी बघतो," चष्मेवाले म्हणाले. आपण हे का म्हणालो, ते त्यांनाच कळलं नाही.

बाई चष्मा न्यायला आल्या तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"एक होत्या बेकरीवाल्या, पहाटेच जाग,
भट्टीइतकाच नाकावर राग;
पाव जरा करपला,
नवरा मागे लपला..."

बाई खुदकन हसल्या. "अगदी लपतात हो! मग?"

"आणि शेवटी हळूहळू विझून गेली आग."

बाईंचं हसू विरलं. "अहो, ह्याला हसायचं कसं?"

"नाहीच येत हसू," चष्मेवाले म्हणाले. "कळतंय मला. खूप दिवस शोधलं. दुसरं काही सुचलंच नाही."

बाई थोडा वेळ काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. माझीच आहे ना ती? पुन्हा म्हणा एकदा, पाठ करते."

चष्मेवाले पुन्हा म्हणू लागले. तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज नीट होता. मग त्यांनी चष्मा काढला, काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच.  बेकरीवाल्या बाई दाराशी गेल्या आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.