पबच्या मागील खोलीचा क्रमांक

ग्लेनिस पार्गेटर या आहारतज्ज्ञ होत्या. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातील बॅरगूना या गावी त्या दर मंगळवारी दीडशे किलोमीटर गाडी हाकून येत आणि दिवसभर रिकाम्या खुर्चीकडे पाहून परत जात. दवाखान्यातील त्यांच्या खोलीचे दार नेमके पोस्टासमोर उघडत असे. त्या दारातून जो आत जाई, त्याला मधुमेह झाल्याचे दुपारच्या आत गावातील मेंढ्यांनाही कळत असे.

बाईंना खरी काळजी होती ती क्लॅरी डनस्टन यांची. लोकर कातरण्यात त्यांची हयात गेली होती. वय एकाहत्तर, रक्तात साखर भरपूर आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम. खाणेपिणे सुधारले नाही तर पाऊल गमवावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"तुझ्या त्या खोलीत मी मेलो तरी येणार नाही," क्लॅरींनी रस्त्यातच सुनावले. "बोलायचं असेल तर पबात ये."

"पबात तुला तपासलं तर सरकार फीची भरपाई देणार नाही, क्लॅरी. फी मिळण्यासाठी सरकारनं दिलेला माझा नंबर दवाखान्यातल्या खोलीवर आहे."

"नंबर तुझा की खोलीचा?"

"दोघींचा मिळून. जागा बदलली की नवा नंबर काढायचा."

"म्हणजे लग्नच की गं हे!"

बाईंनी विचार केला आणि पबचे मालक मर्व्ह यांच्याकडे मागील खोली मागितली.

"बिअरची पिंपं हलवतो," मर्व्ह म्हणाले. "उंदीर मात्र तिथेच राहतील, त्यांचा हक्क जुना आहे."

बाईंनी नव्या नंबरसाठी अर्ज भरला. आठवड्याने सरकारी कचेरीतून फोन आला.

"बाई, पत्त्याच्या जागी तुम्ही पबचं नाव लिहिलंय. चूक झाली का?"

"नाही. पेशंट तिथेच असतात."

"खोलीला दार आहे?"

"आहे."

"लागतं का?"

"लाथ मारली की लागतं."

पलीकडील कर्मचारी महिलेने नियमावली उघडून पाहिली. मात्र नियमात पबला मनाई कोठेही नव्हती. पंधरा दिवसांनी क्रमांक आला.

पुढील मंगळवारी क्लॅरी दाढी करून आले. बाईंनी दार लावण्यास हात पुढे केला.

"उघडंच ठेव. मॅच चालू आहे."

"बरं. दिवसाला बिअर किती?"

"दोन."

"सात!" गल्ल्यामागून मर्व्ह ओरडले.

"जेवणात भाजी?"

"रोज."

"बटाट्याचे काप!" बाहेरील सर्व मंडळी एका सुरात म्हणाली.

दवाखान्यात बाईंना असे खरे उत्तर आजवर एकदाही मिळाले नव्हते. त्यांनी निमूटपणे सर्व लिहून घेतले. क्लॅरींनी बाहेरच्यांना एक सणसणीत शिवी हासडली. त्यानंतर त्यांनी वाकून, कोणी न सांगता, डावा बूट काढला.

"कापतील का गं?"

"आज दुपारीच ही जखम डॉक्टरांना दाखव. आणि बिअर एकच. तीही जेवणाबरोबर."

"तीन."

"एक."

"तू कोण ठरवणार? तू जाशील गाडीत बसून."

"ती जाईल," बाहेरून मर्व्ह म्हणाले. "पण ओततो मी. एकच मिळेल, म्हाताऱ्या. बूट घाल, मी तुला डॉक्टरकडे सोडतो."