ऑनर्सवाले आणि सुकेळी

मी स्टाफरूममध्ये खुर्ची ओढून "अहो, आज काय झालं माहितीये का..." म्हटलं की आमच्या इंग्लिशच्या बाई आधी चहाचा कप खाली ठेवतात. एकदा जबरदस्त ठसका लागलाय त्यांना. पण यात माझा काय दोष? कॉलेजने मला ऑनर्स सेलची कोऑर्डिनेटर केलं तेव्हा ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांना संशोधनाच्या व अभ्यासेतर संधी उपलब्ध करून देणे.' संधी किती उपलब्ध झाल्या ते प्राचार्यांना विचारा. किस्से मात्र एवढे साठलेत की कपाटात फाइली ठेवायला जागा नाही.

आमचं कॉलेज माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. सेल म्हणजे जुनी स्पोर्ट्स रूम. बाहेर 'रिसर्च अँड ऑनर्स सेल' अशी झकास पाटी, आत दोन कॅरम बोर्ड अजून भिंतीला टेकून उभे. तीन वर्षांनंतर जो आणखी एक वर्ष थांबून स्वतःचा प्रोजेक्ट पुरा करेल, त्याच्या डिग्रीवर 'ऑनर्स विथ रिसर्च' असं छापून येतं. पोरं त्यासाठीच येतात, असा माझा भाबडा समज होता.

* * *

पहिल्याच वर्षीचे इंटरव्ह्यू. मी आणि प्राचार्य असे दोघेच पॅनलवर. "तुला हे चौथं वर्ष का करायचंय?" हा प्रश्न. सात जणांनी सांगितलं, "समाजासाठी." समाजाला मेल्याला पत्ताच नाही!

आठवा मेल्विन. उंच, केस कपाळावर, तोंड सतत चालू. तो म्हणाला, "मॅम, तीन वर्षं झाली की घरचे विचारतात, पुढे काय? चौथं वर्ष चालू असलं की वर्षभर कोणी विचारत नाही."

प्राचार्यांनी पेन आपटलं. मी मात्र त्याला घेतला. म्हटलं, "सर, संशोधकाचा पहिला गुण म्हणजे खरं बोलणं."

"आणि दुसरा?"

"तो येईल हळूहळू."

अजून आलेला नाही!

* * *

त्याच बॅचमध्ये प्रणय होता, एव्हरशाईन सिटीतला. वडील रोज अंधेरीला नोकरीला, आई शिकवण्या घेणारी, घर अगदी टापटीप. याचा प्रोजेक्ट 'ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याच्या सवयी.' साठ घरं गाठायची, प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचा.

पहिल्या दिवशी वॉचमनने गेटवरच अडवलं. "सर्व्हेवाला अलाऊड नहीं." दुसऱ्या दिवशी हा पाठीवर मोठी बॅग लावून गेला आणि "कुरियर" म्हणाला, तर सलाम ठोकून आत सोडला. पण दार उघडणाऱ्या बायका पार्सल मागायला लागल्या. एका आजोबांनी तर दारातच सुनावलं, "माझी ऑर्डर रद्द केलीये, परत जा!"

शेवटी त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. सद्गृहस्थ म्हणाले, "अरे, सांगायचं नाही का आधी? दे ते फॉर्म इकडे." दुसऱ्या दिवशी साठच्या साठ फॉर्म भरून तयार. प्रणय नाचत सेलमध्ये आला.

मी फॉर्म चाळले. साठही घरं कचरा वेगळा करतात. साठही घरं अत्यंत समाधानी आहेत. साठही घरांचं अक्षर एकच, पेनही एकच!

मी स्वतः सेक्रेटरींना फोन लावला. "अहो, हे सगळे फॉर्म तुम्हीच भरलेत का?"

"हो मॅडम. लोकांना कशाला त्रास? आमच्या सोसायटीत एकमत असतं."

* * *

आता प्रिस्काचं सांगते, कारण त्या वर्षी माझा निम्मा जीव तिच्यात अडकला होता.

प्रिस्का सांडोरची. वडिलांची केळीची बाग, थोडी भाजी. वडील म्हणजे इनासकाका, मोजकं बोलणारा माणूस. राजेळी केळी सोलून, मांडवावर उन्हात वाळवून सुकेळी करतात ना, ती त्यांच्या घरी अजून करतात. गावात आता दोनचार घरांतच उरलंय हे काम. प्रिस्काने तोच प्रोजेक्ट घेतला. केळं रोज किती पाणी सोडतं, कधी थांबतं, हे मोजायचं. पाऊस संपला की सुरुवात. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच अशी तीन वजनं. एक खेप वाळली की दुसरी चढवायची, मध्ये खंड नको. खंड पडला तर प्रोजेक्ट गेला, हे मीच तिला दम देऊन सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला दहा केळी, प्रत्येकाला नंबर. आठवड्याने ती वही घेऊन आली. मी बघते तर सात नंबरच्या रकान्यात चौथ्या दिवसानंतर वजनच नाही. शेऱ्यात लिहिलेलं: 'नमुना क्र. ७ फादरांनी खाल्ला. गोड असल्याचं सांगितलं.'

"प्रिस्का! हे काय?"

"मॅम, फादर घरी आले होते. घरी आलेल्याला सुकेळं दिल्याशिवाय मम्मी सोडत नाही. तिच्या हाताला सातच नंबर लागला."

"पण ते नीट वाळलंही नव्हतं!"

"फादर काय बोलणार, मॅम? गोड आहे म्हणाले."

पुढच्या खेपेला मांडवावर इनासकाकांनी खडूने पाटी लिहून टांगली. 'हे खायचं नाही. कॉलेजचं आहे.' तरीसुद्धा तीन नंबर गेलं. पोस्टमनला वाचायला चष्मा लागतो आणि तो नेमका घरी राहिला होता.

* * *

ऑनर्सला अभ्यासेतर कामाचे साठ तास दाखवावे लागतात. सोबत सुपरवायझरची सही आणि दोन ओळींचा शेरा. कोणी वाचनालयात जातं, कोणी किनारा साफ करतं.

मेल्विनने शहाण्णव तास दाखवले. कामाचं नाव 'इव्हेंट मॅनेजमेंट.' मला कौतुक वाटलं. म्हटलं, पोरगं सुधारलं बाई! तपशील वाचला: मांडव, खुर्च्या, बँडवाल्यांशी बोलणी, पाहुण्यांची ने-आण, चार दिवसांचं जेवण. ठिकाण, स्वतःचं घर. प्रसंग, थोरल्या बहिणीचं लग्न!

"अरे, बहिणीच्या लग्नाचे तास लावतोस? लाज वाटत नाही?"

"मॅम, तिच्या लग्नात माझ्याइतकं काम नवऱ्यानेपण नाही केलं."

आणि सुपरवायझर म्हणून सही कोणाची? आईची. तिने शेरा अगदी प्रामाणिकपणे लिहिला होता: 'कामाला चांगला आहे. पण सांगितल्याशिवाय उठत नाही आणि बोलतो फार.'

मी साठ तास मंजूर केले. तीन वर्षं शिकवून मला जे दोन ओळींत मांडता आलं नसतं, ते त्या माउलीने मांडलं होतं.

* * *

प्रणयला एकदा परदेशातून ईमेल आला. 'आदरणीय प्रोफेसर डॉक्टर प्रणय, आमच्या जागतिक परिषदेत प्रमुख भाषणासाठी आपणांस सादर निमंत्रण.' असले ईमेल दर आठवड्याला हजारोंना जातात, फी उकळायचा धंदा असतो तो. पण मला विचारायच्या आधी त्याने आईला दाखवला आणि आईने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. झालं! अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे.

संध्याकाळी तोच वॉचमन, गेटवर अडवणारा, पँट गुडघ्यापर्यंत वर करून उभा. "डॉक्टरसाब, सीढ़ी चढ़ते टाइम यहाँ दुखता है."

दुसऱ्या दिवशी मी ईमेल वाचून प्रणयला खरं काय ते सांगितलं. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाला, "मॅम, मी नाही गेलो परिषदेला तर चालेल. पण वॉचमनला मी शेकायला सांगितलं आणि त्याला बरं वाटलं. ते तरी कुठे लावता येईल का?"

अभ्यासेतर दोन तास दिले मी. द्यायला नको होते खरं तर, पण दिले.

* * *

डिसेंबरात आमच्या सेलला पहिल्यांदाच खरीखुरी संधी आली. बेंगलोरच्या एका लॅबमध्ये सहा आठवड्यांची फेलोशिप, तीही फळं वाळवण्यावरच काम करणाऱ्या लॅबमध्ये! मी तिथे प्रिस्काचं नाव पाठवलं आणि चक्क निवड झाली. प्राचार्यांनी बोर्डावर अभिनंदन लिहिलं. आता फक्त पालकांच्या सहीचा फॉर्म द्यायचा राहिला, शनिवारपर्यंत.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. "प्रिस्का, फॉर्म?" "देते, मॅम." गुरुवारी तर ती मला बघून जिन्यावरूनच मागे फिरली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाप सही करत नाहीये! पोरगी परगावी जाणार म्हटल्यावर काका अडून बसलेत. माझं डोकं फिरलं. शुक्रवारी लेक्चर संपवून मी रिक्षा केली आणि थेट सांडोर गाठलं.

इनासकाका अंगणात सुकेळी केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात बांधत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची दिली. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या वीस मिनिटं बोलले. मुलींना संधी म्हणजे काय, अशी संधी परत येत नाही, आणि रागाच्या भरात हेही बोलून गेले की, "बापच आडवा आला तर पोरीने जायचं कुठे?"

काका शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर घरची बोली बाजूला ठेवून शाळेतल्या मराठीत म्हणाले, "टीचर, सही तर मी फॉर्म आला त्याच दिवशी केली." आत जाऊन फॉर्म घेऊन आले. खाली ठळक सही, शेजारी तारीख. "तीच देत नाही. मीच उद्या तुमच्याकडे येणार होतो, तिला जरा सांगा म्हणायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रिस्का दारात उभी होती, मान खाली. "मॅम, मी गेले तर रीडिंग कोण घेणार? खंड पडला तर प्रोजेक्ट जाईल, तुम्हीच बोललात."

"मी घेईन," काका म्हणाले.

"पप्पा, दिवसातनं तीनदा. काट्यावर ठेवायचं, बघायचं, लिहायचं. रोज."

"मग? इतकी वर्षं माझी केळी तू मोजत होतीस काय?"

आणि त्यांनी फळीवरून रीडिंगची वही काढून माझ्या हातात दिली. ती नसतानाच्या सहा आठवड्यांची पानं पट्टीने आखून तयार होती. वार, वेळ, वजन, शेरा. रकाने इतके सरळ की आमच्या ऑफिसच्या रजिस्टरला लाज वाटावी. प्रिस्काने फॉर्म माझ्याकडे दिला, निमूटपणे. निघताना प्रिस्काच्या आईने, वहिनींनी, माझ्या हातावर सुकेळं ठेवलं. मी आधी उलटंपालटं करून नंबर नाही ना ते बघितलं, मगच खाल्लं.

* * *

जानेवारीत प्रिस्का बेंगलोरला गेली, फेब्रुवारीअखेर परत आली. एप्रिलमध्ये तिची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक मुंबईहून आलेले, कडक म्हणून नावाजलेले. गेल्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कॉलेजात एका मुलाला त्याच्या स्वतःच्या प्रोजेक्टचं नाव विचारून रडवलं होतं. मागच्या बाकावर इनासकाका आणि वहिनी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जातात तसे कडक इस्त्रीत बसलेले. काकांनी आखलेली ती वही प्रिस्काने पुराव्यादाखल टेबलावर ठेवली होती.

परीक्षक वही उलटू लागले आणि चक्क हसायला लागले. शेऱ्याचा रकाना काकांनी मन लावून भरला होता. 'ढग. ऊन अकरानंतर.' 'कावळा आला. हाकलला.' 'प्रिस्काचा फोन आला म्हणून रीडिंग पाच मिनिटं उशिरा.' 'वरील चूक पुन्हा होणार नाही.' आणि त्याखाली तीन दिवसांनी, 'फोन आला. दहा मिनिटं उशिरा.'

"एवढी व्यवस्थित नोंद मी पीएचडीवाल्यांचीसुद्धा बघितली नाही," परीक्षक म्हणाले. मी हळूच श्वास सोडला. तेवढ्यात त्यांचं बोट एका पानावर थांबलं.

मला माहीत होतं कुठे थांबलं ते. जानेवारीतला एक गुरुवार. बुधवारपर्यंत प्रिस्काचं अक्षर, शुक्रवारपासून काकांचं. मधल्या गुरुवारी तिन्ही वजनं कोरी, शेराही कोरा. रिपोर्ट टाइप करताना मीच तिला म्हटलं होतं, "आजूबाजूच्या दिवसांची सरासरी टाक आणि खाली तसं लिही, चालतं." एरवी माझा शब्द न मोडणारी पोर म्हणाली, "नको मॅम, ते कोरंच राहू दे." का, ते सांगितलं नाही.

"हा डेटा कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं. "गुरुवारी काय झालं?"

मागच्या बाकावर काका स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"सर, त्या दिवशी सकाळी मी बेंगलोरला गेले."

"ते समजलं. पण वडील होते ना घरी?"

"होते, सर. दिवसभर घरीच होते."

"अहो, मग मी केळ्यांचं विचारतोय."

"मी पण तेच सांगतेय, सर."